कागदावरचे सॅपर

वेर्बिन्स्क, बुधवार

प्रिय ओमेल्को,

तू फोन घेत नाहीस, म्हणून लिहायला बसलो. मला लिहायची सवय नाही. शाळा मी सातवीत सोडली, आणि लष्कराच्या फुटबॉल क्लबात जे काही लिहायचं असे ते तूच लिहायचास. मी बस चालवायचो आणि तू बोट ठेवशील तिथे सही करायचो. तेव्हा चुका काढू नकोस, आणि पत्र फाडूही नकोस. तू गावी बहिणीच्या घरात दार लावून बसलायस, तिथून या शनिवारी तुला बाहेर काढायचं, एवढंच माझं काम आहे. कशासाठी ते आधीच सांगितलं तर तू नाही म्हणशील अशी धास्ती वाटते, म्हणून जरा आडवाटेनं येतो.

माझा लेव्को सापडला, ओमेल्को. शनिवारी त्याला घरी आणताहेत. स्तेफानं त्याच्या नावानं शिजवायचे गहू निवडून ठेवलेत, मध शेजारणीनं दिलाय. बाकं शाळेतून आणायची आहेत, पण शाळेचा शिपाई म्हणतो की सही हवी, आणि सही करणारी बाई सुट्टीवर. पाऊस पडला तर आमच्या गल्लीत गाडी रुतेल. मी दोनदा जाऊन चिखल पाहून आलो. हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला तर माणसं मध्येच तळघरात जातील का उभी राहतील, याचाही घोर लागलाय. स्तेफा म्हणते, "पनास, तू आधी खाली बस. तुझ्या येरझाऱ्यांनीच जमीन खचेल." पण बसलं की डोकं चालायला लागतं, आणि ते काही चांगल्या दिशेला चालत नाही.

काल बाकांसाठी जाताना मैदानावरून गेलो. आता तिथे जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकतात. उत्तरेकडच्या गोलाच्या जागी सायलेन्सरांचा ढीग आहे. एका विक्रेत्याला मी म्हटलं, "इथे आपल्या लष्कराचा संघ खेळायचा, पोरा." तो म्हणाला, "आजोबा, रेडिएटर हवाय का?" नको म्हटलं आणि पुढे गेलो. बोलणार कोणाशी? ज्यांना आठवतं त्यातले निम्मे मातीत, आणि एक तू, तर दार लावून बसलेला.

तुला आठवतो तो कप सामना, राजधानीच्या मोठ्या संघाविरुद्धचा? मी तेव्हा अजून खेळायचो, डावा बचावपटू, आणि माझ्या समोरचा खेळाडू वर्तमानपत्रात फोटो येणारा. पूर्ण पलटण स्टँडमध्ये बसवली होती आणि सार्जंट हुकूम सोडत होता, "टाळ्या वाजवा! थांबा! आनंद व्यक्त करा!" आपण गोल केला तेव्हा तो हुकूम द्यायलाच विसरला, आणि पलटण आधी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली, मग एकदम अशी ओरडली की माझ्या अंगावर काटा आला. हरलो शेवटी. पण बाहेरगावी गेलो की लोक चिडवायचे, "आले सुरुंगवाले! अरे, पाऊल जपून टाका, खाली काही पुरलंय!" आपण सॅपर बटालियनचा, म्हणजे सुरुंग पेरणाऱ्या-काढणाऱ्यांचा संघ, छातीवर दोन आडव्या कुऱ्हाडी. आणि आपल्यातल्या एकानंही कधी सुरुंग पाहिला नव्हता. शपथेच्या दिवशी फोटोपुरती बंदूक हातात देत, फोटो झाला की परत घेत. हावरिलोनं तर ती उलटी धरली होती.

रीतच होती ती. शरदातली भरती आली की चांगल्या पायांचं पोरगं आपल्याकडे ओढायचं, त्याच्या सैनिक पुस्तिकेत काहीतरी धंदा लिहायचा, आणि दोन वर्षं त्यानं चेंडू मारायचा. तू टेबलामागून विचारायचास, "काय लिहू? आचाऱ्याच्या जागा साहेबांच्या भाच्यांनी भरल्यात. सॅपर चालेल?" पोरं म्हणायची, "चालेल की! मरायचं थोडंच आहे?" आणि सगळे हसायचे. मीही हसायचो. माझ्या पुस्तिकेतही तेच आहे.

मग ती अफगाणिस्तानच्या युद्धाची वर्षं आली आणि तुझ्या खोलीबाहेर आया उभ्या राहायला लागल्या. हातात अंडी, फडक्यात बांधलेलं पनीर, एकीनं तर जिवंत बदक आणलं होतं. "ओमेल्यान पेत्रोविच, माझा मुलगा चांगला धावतो हो." धावत कसला, ते पोरगं स्वतःच्या बुटांच्या नाड्यांत अडकून पडायचं. तू त्याला राखीव गोलरक्षक लिहिलंस. आपल्याइतके राखीव गोलरक्षक कुठल्याच संघात नसतील. प्रशिक्षक कपाळावर हात मारायचा, "ओमेल्को, मला डावा विंगर दे, गोलात उभं राहायला आता पाळीपाळीनं येतील!" तू म्हणायचास, "डावा विंगर देव देतो. मी मिळेल ते लिहितो." बदक मात्र तू परत पाठवलंस. ते बसमधून मीच पोचवलं, सगळ्या सीटा घाण करून ठेवल्या त्यानं.

त्या पोरांची आता नातवंडं आहेत, ओमेल्को. नाड्यांत अडकणारा बेकरी चालवतो. शनिवारचा पाव तोच देतोय, नको म्हटलं तरी ऐकत नाही. मी त्याला म्हटलं, पुरेल ना? तो म्हणाला, "पनासकाका, ओमेल्यान पेत्रोविच येणार का ते सांगा." मी काय सांगणार?

पुढचं तुला माहीतच आहे. देश बदलला, झेंडा बदलला, कुऱ्हाडी त्याच राहिल्या. एक जनरल आला, त्याला फुटबॉल आवडायचा, तेव्हा नवे बूट आले. दुसरा आला, त्याला मासेमारी आवडायची. बसला डिझेल मिळेना, तर रणगाड्यांच्या टाकीतलं काढून आपण सामन्यांना जायचो, आणि वाटेत इंजिन असं खोकायचं की पोरं उतरून ढकलत. आपला लेव्को त्या शेवटच्या हंगामात उजव्या विंगला होता. भरतीचं वय झालं तेव्हा तू आणि मी किती खूश होतो! बराकीत मार खाण्यापेक्षा डोळ्यांसमोर राहील, आणि खरोखर खेळतही होता तो, बाप म्हणून सांगत नाही. पुस्तिकेत तू जे सगळ्यांना लिहायचास तेच लिहिलंस. मग वसंतात वरून एका ओळीचा हुकूम आला आणि क्लब संपला. मी जर्सी धुवून वाळत घातल्या होत्या. कोणाला द्यायच्या कळेना.

लेव्को शाळेत कसरत शिकवायला लागला, लग्न झालं, टक्कल पडलं. मग हे युद्ध आलं आणि त्याला बोलावणं आलं. भरती कचेरीतल्या त्या तरुण अधिकाऱ्यानं पुस्तिका उघडली आणि म्हणाला, "सॅपर! अरे, तुम्हाला तर आम्ही दिवा घेऊन शोधतोय." आणि तू, शहाण्या माणसा, टोपी न घालता पळत तिथे गेलास आणि सगळ्यांसमोर ओरडलास, "खोटं आहे ते! मी लिहिलंय! हा सॅपर नाही, हा उजवा विंगर आहे!" रांगेतले लोक हसायला लागले. अधिकारी म्हणाला, "आजोबा, विंगरची जागा रिकामी नाही. सॅपरचं शिकेल." लेव्कोनं तुला दंडाला धरून बाहेर आणलं. मी पायरीवर उभा होतो, त्यामुळे ऐकलं. तो म्हणाला, "धर्मबाबा, गप्प राहा बरं. मी नाही म्हटलं तर दुसरा कुणी जाईल, आणि त्यालाही काही येत नसेल." तू त्याचं नीट ऐकलं नाहीस. तू रडत होतास.

आणि तो शिकला, ओमेल्को. हे तुला कोणी सांगितलं नाही, कारण तू कोणाला सांगू देत नाहीस. तो आईला फोनवर म्हणायचा, "आई, बिटाच्या शेतात खुरपतो ना, तसंच. फक्त घाई करायची नाही." स्तेफा म्हणायची, "तू घरचं बीट कधी नीट खुरपलं नाहीस." तो हसायचा. दक्षिणेत एका गावात त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी सूर्यफुलांचं शेत साफ केलं, तिथल्या बायांनी त्यांना चेरी भरून उकडलेले वारेनिकी करून घातले. त्याचा फोटो त्यानं पाठवला होता. बोटांना लाल रस लागलेला, आणि तोंडभर हसू. उजव्या विंगवरून गोल केल्यावरसुद्धा तो इतका हसल्याचं मला आठवत नाही. माझा मुलगा कागदावरचा सॅपर राहिला नव्हता. तो खरा होता.

मग 'बेपत्ता' असा कागद आला, आणि त्याच आठवड्यात तू घराला कुलूप लावून निघून गेलास. हावरिलो तुला शोधत बहिणीकडे गेला तेव्हा तू आतून ओरडलास, "आत कोणी नाही!" तो ही गोष्ट सगळ्या गावाला सांगतो आणि सांगताना त्याचा चेहरा वाकडा होतो. मी तुझ्यावर रागावलो होतो. खोटं कशाला बोलू? तू लिहिलंस म्हणून नव्हे. त्या दिवसांत मला दुसरं कोणी माणूस नको होतं आणि जो हवा होता तोच दार लावून बसला, म्हणून. त्याची ओळख पटावी म्हणून मी प्रयोगशाळेत गालातली लाळ द्यायला गेलो तेव्हाही एकटा होतो. बाईनं विचारलं, "सोबत कोण आहे?" मी म्हटलं, येतोय. अजून येतोच आहे.

तू मनाशी काय मोजत बसला असशील ते मला कळतं. पण मोजायचंच तर सगळे मोज. बेकरीवाला मोज. ज्या आया तुझ्या दाराशी उभ्या होत्या आणि ज्यांना काळा रुमाल बांधावा लागला नाही, त्या मोज. तुझ्या त्याच एका शब्दानं त्यांची पोरं घरी राहिली. लेव्को तुझ्या शब्दानं गेला नाही. तो पायरीवर उभा राहून स्वतः गेला, मी ऐकलंय.

आता मागणं सांगतो. लष्कराचे जवान त्याची पेटी चर्चपर्यंत आणतील. पोरं चांगली आहेत, पण त्यांतलं एकही त्याला ओळखत नाही. चर्चच्या फाटकापासून खड्ड्यापर्यंत आपल्या माणसांनी न्यावं असं स्तेफाला वाटतं. आपली रीत तुला ठाऊकच आहे, रक्ताच्या माणसानं पेटीला खांदा द्यायचा नसतो. मी बाप, मला हात लावता येणार नाही. मागून चालायचं, बस. तरुण सगळे आघाडीवर. क्लबातले म्हातारे उभे राहतायत, बेकरीवालाही, पण उजव्या बाजूचा पुढचा खांदा स्तेफानं कोणाला दिलेला नाही. ती म्हणते, "बाप्तिस्म्याच्या दिवशी पाण्यातून ज्यानं त्याला हातांवर घेतलं, तोच तिथे असेल. नसेल तर ती जागा रिकामी राहील." आणि पेटी तीन कोपऱ्यांवर जात नाही, ओमेल्को, तू मला वेडा समज, पण मला दिवसरात्र हेच दिसतं, ती एका बाजूला कलतेय आणि मला हात लावायची परवानगी नाही. हे पत्र हावरिलो घेऊन आलाय. त्याला मी तोंडी काही सांगू दिलं नाही, तो थट्टा करील आणि मग रडेल. तो बाहेर गाडीपाशी उभा आहे, त्याचा गुडघा सुजलाय, फार वेळ उभा राहू शकत नाही. वाचून झालं असेल तर दार उघड.

तुझाच कूम, तुझ्या धर्मपुत्राचा बाप,
पनास