रनवेखालच्या बागा

बाबा, तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली तरी माझा राग जात नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

आठवडाभर तुम्ही लंडनच्या एअरपोर्टच्या कार्गो शेडमध्ये खोकी उचलायचात आणि रविवारी मला घेऊन मिडलसेक्स शोधायला निघायचात. ही काउंटी, म्हणजे जुना जिल्हा, लंडनने केव्हाच गिळली होती, पण तुम्हाला ती आपल्या हाउन्सलोच्या बसस्टॉपमागेही दिसायची. तुम्ही बोट दाखवून सांगायचात: इथे उजाड माळ होता, वाटमारे घोडागाड्या लुटायचे. तिथे नदीकाठी बंदुकीची दारू बनायची. आणि आता रनवे आहे तिथे प्लम आणि सफरचंदांच्या बागा, कोबीचे मळे. भाजी घेऊन लंडनला गेलेल्या गाड्या परतताना घोड्यांची लीद भरून आणायच्या, त्या खतावर सगळं पिकायचं. ज्यांच्या बागा रनवेखाली गेल्या, त्या म्हाताऱ्या माणसांच्या किचनमध्ये बसून तुम्ही तीन वर्षं हे लिहून घेतलंत. मी शेजारी बिस्किटं खात बसलेली असायची.

मग तिथल्या इतिहास मंडळाने तुमच्या वह्या मागून नेल्या आणि पुस्तिका काढली. चर्चच्या हॉलमध्ये प्रकाशन होतं. मी पंधरा वर्षांची. पानं उलटते आहे, तुमचं नाव कुठेच नाही; शेवटी एक ओळ, ‘स्थानिक रहिवाशांचे आभार’. मी उठून उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं इंग्रजीत म्हणाले, "हे सगळं माझ्या वडिलांनी लिहिलंय." अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. आणि तुम्ही, बाबा, माझा दंड धरून मराठीत म्हणालात, "खाली बस. आधी सॉरी म्हण त्यांना."

मी म्हणाले. तुम्हीही मागोमाग म्हणालात.

बसमध्ये मला समजावायला लागलात, "अगं, आपण इथे पाहुणे. पाहुण्यांनी भांडायचं नसतं."

"तुम्ही असाल. माझा जन्म इथलाच आहे."

पुढच्या रविवारी मी आले नाही, नंतरही कधी आले नाही, आणि तुम्ही एकदाही ‘चल’ म्हणाला नाहीत. वह्या परत आल्या त्या तुम्ही न उघडता कपाटावर टाकल्यात. तुम्हालाही एवढं लागलं होतं तर माझ्या बाजूने एक शब्द का नाही बोललात?

परवा लायब्ररीतून एका बाईंचा फोन आला. पुस्तिका नव्याने काढायची आहे. ज्यांच्या किचनमध्ये तुम्ही बसायचात, त्या म्हाताऱ्यांपैकी कुणाच्या तरी नातीने त्यांना खरं काय ते सांगितलं होतं. "तुमच्या वडिलांच्या वह्या आहेत का? या वेळी त्यांचंच नाव घालायचंय." मी "शोधते" म्हणाले. काय शोधणार, बाबा? तुमच्यामागे घर रिकामं करताना त्या माझ्याच हाती लागल्या होत्या. त्याच रागात मी त्या रिसायकलिंगच्या डब्यात टाकल्या. झाकण लागेना, म्हणून वर पाय देऊन दाबल्या.

हे मी त्या बाईंना सांगितलेलं नाही.