बुजवलेली खिडकी

नळदुर्ग,
दि. १८ जून १९७२

ती. महांतप्पाअण्णा यांस,
धाकटी बहीण प्रेमा हिचा सा. न. वि. वि.

नागप्पाला उद्या एसटीत बसवते. आमचे मालक कारखान्याच्या ट्रकवर, पंधरा-पंधरा दिवस घर न्हाय त्यास्नी. हायवेच्या ढाब्यांवर पोरगं वाया जाईल म्हणून जीव घाबरतो. तुम्ही सख्खे मामा, वर हेडमास्तर. घरी न् शाळेत तुमच्याच नजरंखाली राहील, मग मला कसला घोर? लई भित्रं हाय ओ, मारू नका. शेंगाचटणी दिलीय, वैनींपासून लपवून खाऊ नका.

माया हाय तशीच असू द्या.
तुमची प्रेमा

आंबेवस्ती, ता. भूम,
दि. ९ फेब्रुवारी १९७३

चि. सौ. प्रेमास अनेक आशीर्वाद.

चटणी तुझ्या वैनीनंच संपवली! इथं दुष्काळानं जीव नकोसा केलाय. शाळेमागं पाण्याची टाकी बांधली आणि पाणी कुणी पळवू नये म्हणून भोवती पुरुषभर भिंत घातली. शाळेतल्या माझ्या खोलीची खिडकी त्या भिंतीच्या आतच उघडायची. धुरळा आणि पोरांचा कालवा सोसेना, म्हणून विटांनी बुजवून टाकली. आता निवांत रजिस्टरं लिहितो. तरी कार्टी पाणी प्यायला गेली की त्या विटांवर थापा मारतात.

नागप्पा बरा आहे. बोलतो कमी, सदरे फाडतो फार. पण हल्ली पोरं त्याला वचकून असतात म्हणे. तुझं भित्रं पोरगं धीट झालं, पेढे धाड.

लोभ आहेच, तो वाढव.
तुझा अण्णा

नळदुर्ग,
दि. ३ जुलै १९८४

ती. अण्णांना प्रेमाचा नमस्कार.

तार मिळाली असंल. नागप्पा यंदाच ट्रकवर लागला होता. ढाब्यावर पाण्याच्या पिंपापाशी एका क्लीनरचा मागून धक्का लागला, येवढंच. यानं लोखंडी पाना घातला त्याच्या डोक्यात. ते पोरगं मेलं. त्याची आई ठाण्याबाहेर बसलेली. मी जवळ गेले तर तिनं हात झिडकारला. बरोबरच केलं तिनं.

काल तुरुंगात भेटले. का रं केलंस म्हणून लई रडले. तो म्हणाला, पाण्यापाशी मागून कुणी आलं की हात आधीच उठतो. शाळेच्या टाकीपाशी मोठी पोरं रोज त्याचं तोंड पाण्यात दाबायची. चार महिने, अण्णा! मग यानं एकाचं डोकं दगडानं फोडलं, तवापासून हाच दुसऱ्यांना मारू लागला. तिथं कुणी बघणारंच नव्हतं म्हणाला. मामाच्या खिडकीवर थापा मारायचो, पण विटा होत्या, मामाला ऐकू गेलं नसंल म्हणाला.

खरंच ऐकू गेलं नव्हतं का? येवढंच लिहा.

प्रेमा

आंबेवस्ती,
दि. ११ जुलै १९८४

चि. सौ. प्रेमास आशीर्वाद.

ऐकू येत होतं. तुला लिहिलंसुद्धा होतं मी, हसत हसत. थाप आली की मी आतून ओरडायचो, गप बसा की रे! मग थाप थांबायची. थांबली की बरं वाटायचं मला.

काल स्वतः पहारीनं विटा काढल्या. खुर्चीतून टाकी दिसते, पाच पावलांवर आहे. दोन पोरांनी एकाला कोपऱ्यात धरलं होतं. मला बघितलं आणि सोडलं त्याला. मी काही बोललोसुद्धा न्हाय गं, नुसता खिडकीत उभा होतो.

सोमवारच्या एसटीनं येतोय. आधी तुरुंगात जाईन, मग तुझ्याकडं. ऐकू येत होतं, हे त्याला माझ्याच तोंडानं कळलं पाहिजे.

लोभ ठेव असं लिहायला हात उचलत न्हाय.
अण्णा