वाफ्यातली मांजरं आणि परत पाठवलेला गवंडी

अहो,

तुम्ही होतात तोवर पत्र लिहायची वेळच आली नाही. आज लिहिते, कारण तुमच्या धाकट्या भावाने बोलावलेल्या गवंड्याला मी सकाळी दारातूनच परत पाठवलं. मागच्या बागेवर सिमेंट घालायचं, असं भाऊजींनी तुमच्या वर्षश्राद्धाच्या पंगतीतच ठरवून टाकलं होतं. का, तर मांजरं वाफ्यांत घाण करतात आणि वहिनींना ती आवरत नाहीत!

तुम्हाला तरी कुठे आवरली? स्वातंत्र्याच्या पावसाळ्यात पहिला वाफा केलात, तेव्हापासून आठ वर्षं तुमची लढाई चालली. खजुरीचे काटे झाले, डांबराच्या गोळ्या झाल्या, शेवटी काठी घेऊन स्वतः धावलात. शेजारच्या बंगाली मेजदी, साऱ्या गल्लीच्या मधल्या ताई, भिंतीवरून म्हणाल्या, मांजर म्हणजे लेकरं देणाऱ्या षष्ठीदेवीचं वाहन, लेकुरवाळ्या घरात त्याला मारू नये. आपल्या घरात लेकरू नव्हतं. तरी तुम्ही काठी खाली ठेवलीत आणि आत गेलात. त्या दिवशी तुम्ही मला फार आवडला होतात.

पण एक विचारू? घर माझ्या नावावर केलंत, मग बाग कधी माझ्या हाती का दिली नाहीत? दर रविवारी माती उकरून, चाळून मऊसूत करायचात. देशावरच्या कडक रानात ते ठीक. इथली बंगालातली गंगेची माती मुळातच भुसभुशीत. म्हणजे मांजरांना गादी तुम्हीच घालून द्यायचात आणि वर चिडायचात! मी तसं सांगितलं, तर म्हणालात, "तू स्वयंपाकघर सांभाळ." तो राग अजून गेलेला नाही.

यंदा मी उकरणं बंद केलं. वीत-वीत अंतरावर बांबूच्या काटक्या रोवल्या, माठ दाट पेरला, उघड्या मातीवर नारळाची सोडणं अंथरली. पंधरा दिवसांत मांजरांनी वाट बदलली. दुधीच्या वेलाखालची तेवढी हटेनात.

तो दोष माझा, आता कबूल करते. फळ धरत नाही म्हणून तुम्ही तो वेल उपटायला निघाला होतात ना? तेव्हापासून मेजदी मासे धुतलेलं पाणी भिंतीवरून द्यायच्या आणि तुम्ही ऑफिसला गेलात की मी ते मुळाशी ओतायची. इथे सगळेच घालतात. मासळीबाजारावरून जाताना नाकाला धोतराचा सोगा लावणारे तुम्ही, तोच दुधी मागून मागून खायचात आणि एस्प्लनेडच्या ऑफिसात आपल्या शेणखताची बढाई मारायचात. मला त्याची लाज वाटत नाही. वेल जगला. हल्ली मी ते पाणी खड्ड्यात ओतते आणि वर माती लोटून वीट ठेवते, त्यामुळे तिथेही मांजर फिरकत नाही.

गवंडी गेल्यावर भाऊजी भडकले. पुण्याला चला, म्हणाले. "एकट्या बाईला बाग हवी कशाला? करायची कोणासाठी?"

"माझ्यासाठी," मी म्हटलं.

मग ते वर्तमानपत्र उघडून बसले. घराचे कागद कोणाच्या नावावर आहेत, ते आठवलं असावं.

तर वचन देते. वाफ्यात मांजर बसणार नाही आणि सिमेंटही पडणार नाही. पुण्याला मी जायची नाही. आणि तुमच्या गुलाबांच्या वाफ्यात यंदा कारली लावणार आहे. तुम्हाला त्यांचा वासही खपायचा नाही, म्हणून आपल्या घरी ती कधी शिजली नाहीत. मला फार आवडतात. तुम्ही कधी विचारलंच नाहीत हो.

तुमची,
सुमती