स्तूपाच्या आत

८ डिसेंबर

काम मिळालं! जांभूळखेडच्या स्तूपाचं!

समितीचे अध्यक्ष अभय सर (निवृत्त उपजिल्हाधिकारी, आवाज अजून खुर्चीतलाच) फोनवर म्हणाले, "आम्रपाली, तुमचं मूळ गाव ते, म्हणून काम दिलेलं नाही. तुमचा प्रस्ताव सगळ्यांत कमी पानांचा होता." हे कौतुक आहे असं धरून चालते.

जांभूळखेड आता महापालिकेत आलंय, पण ओढ्याकाठचं ते शेत तसंच आहे. सत्तावन्न साली आसपासच्या गावांनी तिथं एकत्र धम्मदीक्षा घेतली. तेव्हापासून दर वैशाख पौर्णिमेला पांढऱ्या कपड्यांतली हजारो माणसं येतात. पत्र्याच्या शेडमध्ये वंदना, मग पुस्तकांची खरेदी, मग डबे. आता तिथं स्तूप होणार आणि त्याची आर्किटेक्ट मी!

आबांना सांगितलं. ते टीव्ही बघत होते. "बरं झालं," एवढंच म्हणाले. आई मात्र मजल्यावरच्या सगळ्या घरांत सांगून आली.

१४ डिसेंबर

कार्ले, भाजे, बेडसे — तिन्ही लेणी पाहिली. डोक्यात एकच किडा. स्तूपाच्या आत काय असतं? उत्तर — काही नाही. दगडच! भोवती फिरायचं, आत जायचंच नाही. गाभारा नाही, पुजारी नाही, दर्शनाची रांग नाही. किती धीट कल्पना आहे ही! आपलाही असाच करायचा. भरीव. भोवती चढती वाट, बस्स.

आनंदाच्या भरात बेडशाच्या पायऱ्यांवर घोटा मुरगळला.

१५ डिसेंबर

घोटा टम्म सुजलाय. आनंद कायम.

२८ डिसेंबर

आज जागेवर. बांधाला लागून सोनबाकाकांचं शेत. निम्मं बिल्डरला गेलं, निम्म्यात मेथी. ते आबांच्या वर्गातले. गावच्या भैरोबाच्या देवळाच्या किल्ल्या पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घरात. मी खुणा करत होते तर बांधावर येऊन उभे राहिले.

"आत काय ठिवनार?"

"काही नाही, काका. भरीव असतो स्तूप."

"मंग दार?"

"दारच नाही."

पोट धरून हसले. "हे ब्येस केलं पोरी. दारच न्हाई म्हंजी अडवाअडवी न्हाई!"

मला वाक्य फारच आवडलं. समितीपुढे हेच म्हणायचं. निघताना त्यांनी मेथीची जुडी दिली.

घरी येऊन आबांना हे जसंच्या तसं सांगितलं. आबांनी जुडी हातात घेतली, जरा वेळ पाहिली, ओट्यावर ठेवली आणि चपला घालून बाहेर पडले. जेवायच्या वेळेला! आई म्हणाली, "काय बोललीस त्यांना?" मी काही नाही बोलले. खरंच.

९ जानेवारी

कसबा पेठेत शंभूकाका तांबटांकडे. तांब्याचं मॉडेल त्यांच्याकडूनच करून घ्यायचं, पुठ्ठ्याचं समितीपुढे नको. तांबटआळीत दोन मिनिटं उभं राहिलं की कान बधिर होतात. ठोके, ठोके, ठोके. घुमटाचं चित्र दाखवलं तर काका म्हणाले, "उलटं केलं की घंगाळ. समितीनं नाही म्हटलं तर आंघोळीला होईल."

भरीव करता येणार नाही म्हणाले, पोकळच ठोकणार. मी म्हटलं चालेल, आतून कोण बघतंय!

१८ जानेवारी

मॉडेल आलं. देखणं आहे. आईनं त्याला आधी फडक्यानं पुसलं, मग नमस्कार केला.

आबा बराच वेळ लांबूनच बघत होते. मग उठले, घुमट उचलला, उलटा केला आणि मांडीवर घेऊन आत बघत बसले. आतून ठोक्यांच्या खुणा चकाकत होत्या. त्यांवरून त्यांनी बोटं फिरवली.

"आतून जास्त चांगलं झालंय."

"आबा, आत कुणी जाणार नाहीये."

"का?"

मग मी सुरू झाले. लेणी, गाभारा नाही, पुजारी नाही, सगळं. चांगलं भाषणच झालं. आबांनी शेवटपर्यंत ऐकलं. घुमट होता तसा पालथा ठेवला.

"म्हणजे आम्ही पुन्हा भोवतीनंच फिरायचं."

 

१९ जानेवारी

आज आबांना धरलंच. "पुन्हा म्हणजे काय?"

आधी टाळलं. मग चहा घेता घेता सांगितलं. लहानपणी ते भैरोबाच्या देवळामागे चिंचेखाली उभे राहायचे. तिच्या पुढं जायचं नव्हतं. आतून घंटा ऐकू यायची, धुपाचा वास यायचा, दिसायचं काहीच नाही. एकदा शाळेत सोनबाला विचारलं, आत काय असतं रे? सोनबा म्हणाला, "तुला काय करायचंय?"

"मारलं नाही, शिवी नाही दिली. एवढंच म्हणाला. सहा-सात वर्षांची पोरं आम्ही." पुढच्या वर्षी दीक्षा झाली, देऊळ कायमचं सुटलं. "देव नकोच होता मला आमू. आत काय असतं ते बघायचं होतं."

हाच प्रश्न घेऊन मी तीन लेणी पालथी घातली! मला कुणी कधी दारात अडवलं नाही, म्हणून 'आत काही नाही' हे उत्तर मला पुरलं. गंमत वाटली. त्यांना कसं पुरावं?

आणि त्या अडवाअडवीच्या वाक्यावर मी खूश होऊन घरी आले! वर मेथी घेऊन! रडू आलं. राग आला स्वतःचा, सोनबाकाकांचा, मेथीचासुद्धा.

२ फेब्रुवारी

जुने नकाशे बाजूला. नवा घुमट पोकळ. चार दिशांना चार दारं. नुसत्या चौकटी, फळ्या नाहीत, कडी नाही. आत गोल मोकळी जागा, गार फरशी, माथ्यावरून उतरणारा उजेड. मूर्ती असेल ती पलीकडे वंदनेच्या शेडमध्येच. इथं काहीच नाही. पण हे 'काही नाही' प्रत्येकाला स्वतः जाऊन बघता येईल.

आबांना दाखवलं नाही. धीर नाही झाला.

१२ फेब्रुवारी

समितीची बैठक. अभय सर म्हणाले, "तुमच्याच टिपणात आहे, लेण्यांतले स्तूप भरीव असतात. मध्यंतरी कुणी कोरले का आतून?"

हशा. मी नाव न घेता चिंचेखालच्या मुलाची गोष्ट सांगितली. कुणी हसलं नाही. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला.

"आमच्या गावी चिंच नव्हती," ते म्हणाले. "पिंपळ होता."

मंजूर! कुणीतरी म्हणालं, निदान फळ्या तरी बसवा, रात्री कुत्री शिरतील. सर म्हणाले, "शिरू द्या."

१७ नोव्हेंबर

घुमट माथ्यापर्यंत पोचला! आत उभी राहून ओरडले. आवाज चहूकडून अंगावर आला. गवंडी हसायला लागले, मग एकेक करून सगळेच ओरडून बघायला लागले. आबांना फोन केला, उद्या चला. "पुरा झाल्यावर."

२ एप्रिल

आबा अजून आलेले नाहीत. गुडघे दुखतात म्हणे! मार्केट यार्डात आंब्याची पेटी आलीय का बघायला बिबवेवाडीतून पायी जातात, तेव्हा गुडघे कुठं ठेवतात?

वैशाख पौर्णिमा, दुपार

पांढऱ्या कपड्यांचा नुसता पूर आलाय. पोरं एका दारानं आत, दुसऱ्यानं बाहेर. बायका आत जाऊन मान वर करून उभ्या राहतात आणि बाहेर आल्या की एकमेकींना सांगतात, काही नाहीये गं, पण जाऊन ये. चारदा ऐकलं.

आणि आबा? पूर्वेच्या दाराबाहेर दगडावर बसलेत. सकाळपासून! "चला ना आत." "गर्दी ओसरू दे." गर्दी दोनदा ओसरली. मी ज्यांच्यासाठी दारं केली ते दारात बसून लोकांच्या चपला बघतायत. फार राग आलाय. आता विचारणार नाही.

संध्याकाळ

सोनबाकाका आले. एकटेच, धुतलेलं धोतर, चपला हातात. दाराच्या अलीकडेच थांबले. आबांना म्हणाले, "कचरू, आत काय हाय रं?"

आबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग उठले, त्यांचा हात धरला. आबांच्या तोंडून गावची बोली मी आज पहिल्यांदा ऐकली.

"चल. म्या बी अजून बघितलं न्हाई."