आईचा पाट

आई, "माताजी, अब ज़मीन पर नहीं बैठना." तुझ्या डॉक्टरांचं ते वाक्य अजून माझ्या कानात आहे. खुब्याचा सांधा बदलून तू घरी आलीस, चीर मागच्या बाजूनं होती. वाकायचं नाही, पाय दुमडायचा नाही, झोपतानाही पायांमध्ये उशी, नाहीतर सांधा निसटेल. त्या भाद्रपदात महालक्ष्म्यांची पंगत बसली तेव्हा तू लोखंडी खुर्चीवर आणि तुझं ताट स्टुलावर. कुणीतरी स्टुलाच्या पायांभोवतीच रांगोळी काढली. "मी काय परीक्षेतली सुपरवायझर आहे? जेवा मुकाट्यानं," म्हणालीस. सगळे हसले. मी वाढत होते म्हणून मला दिसलं, तू भिंतीला टेकवलेल्या तुझ्या पाटाकडे बघत होतीस.

या उन्हाळ्यात माझ्या सासूबाईंचं तेच ऑपरेशन झालं, पण समोरून. त्यात स्नायू कापत नाहीत म्हणे, नुसते बाजूला सारतात. थोड्याच आठवड्यांत त्या नई सडकच्या बाजारात साडी फॉलला टाकून आल्या. दारातच म्हणाल्या, "अगं, त्या वॉकरवर आता टॉवेल वाळत घाल." मी हसले, आणि स्वयंपाकघरात जाऊन स्वच्छ पातेलं पुन्हा घासलं. त्यांचा हात धरून मीच त्यांना चालवलं, त्या पडू नयेत म्हणून घोर माझ्याच जिवाला. तरी त्यांच्या प्रत्येक पावलाचा मला हेवा वाटतो.

त्यांच्या डॉक्टरांना मी विचारलं. तरुण आहेत, नीट सांगतात. म्हणाले, फरक मुख्यतः सुरुवातीचा. वर्षभरानं दोन्ही प्रकारचे पेशंट बहुतेक सारखेच चालतात. ऐकून बरं वाटायला हवं होतं. पण तुझं हृदय ते वर्ष पुरं व्हायच्या आतच थांबलं. तुझ्या वाट्याला तेवढी सुरुवातच आली.

आता डॉक्टरांनी तपासून सासूबाईंना यंदाच्या महालक्ष्म्यांच्या पंगतीत बसायची परवानगी दिली आहे, उंच पाटावर, आधार धरून. परवा चहा घेताना म्हणाल्या, "तुझ्या आईचा तो माधवगंजच्या सुताराकडचा उंच पाट काढ ना माझ्यासाठी. विहीणबाई थोडीच नाही म्हणणार आहेत?"

"बघते," मी म्हणाले.

पाट माळ्यावरून काढलाय. पितळी फुलं चिंचेनं घासली, लखलखतायत. दार लावून मी स्वतः त्यावर बसूनही पाहिलं, बराच वेळ. मग पलंगाखाली सरकवून दिला. उद्या पंगत आहे. आई, एकदाच, फक्त माझ्यासाठी म्हण, देऊ नकोस. तू म्हणणार नाहीस. तू एवढंच विचारशील, "त्यांच्या पाठीला टेकायला भिंत आहे ना गं?" तरी म्हण.