देवीला हीच जागा सापडली?

४ नोव्हेंबर, मंगळवार

दाराला कडुलिंबाचे डहाळे. घरात फोडणी बंद. का, तर यांच्या अंगावर देवी आली! ट्रक घेऊन महिनाभर बाहेर होते, परतले ते तापानं फणफणतच. आता अंगभर फोड. "औषधाचं नाव काढायचं न्हाई, देवी कोपती," — सासूबाई.

माझी दोन लेकरं सातव्या महिन्यात पोटातच गेली, तेव्हाही हेच ऐकवलं. "देवीचा कोप हाय. दवाखान्यात कावून जायाचं?" आणि मी गेले नाही. आता पुन्हा चौथा महिना लागलाय. या वेळी कुणाचं ऐकणार नाही.

५ नोव्हेंबर

शेजारची बायनाबाई नारळ घेऊन आली, यांच्या पाया पडली, चादरीला डोकं लावलं! हे डोळे मिटून आशीर्वाद देतायत!

अंग पुसताना मी पाहिलंय सगळ्यात जास्त फोड कुठे आहेत ते. देवीला हीच जागा सापडली?

६ नोव्हेंबर

"दवाखान्यात चला, नाहीतर जागा बायनाबाईला सांगते." मुकाट उठले, शर्ट घातला.

बीडला डॉक्टरीणबाईंनी फोडांतलं पाणी तपासायला घेतलं, यांना वेगळ्या खोलीत ठेवलं. मग रक्तही घेतलं. "असले आजार एकमेकांसोबत येतात. एकाचा संशय आला की बाकीचेही शोधायचे." माझ्याकडे वळून — "तुमचंही रक्त द्या."

"माझं कावून?" मी विचारलं. यांनी मान खाली घातली. कळलं मला.

१० नोव्हेंबर

एमपॉक्स. अंगाला अंग लागून पसरतो. सासूबाईंचा फोन — "गावात काय सांगू गं आता?" म्हटलं, सांगा की देवी नव्हती! पाया पडलेल्यांनी फोड आले तर दवाखाना गाठावा. त्यांनी फोन ठेवून दिला.

रामेश्वर! आज नाव घेऊनच लिहिते. खिडकीतून मला म्हणतो, "लाईनवर बायांकडं समदेच जातेत. मीबी गेलतो." जसा काही चहा प्यायला गेला होता! मेल्याला लाजही नाही.

११ नोव्हेंबर

दोघांच्याही रक्तात गरमी निघाली, डॉक्टरीणबाई तिला सिफिलिस म्हणतात. माझी जुनी आहे. पहिली सुई आजच टोचली.

"याआधी पोटातलं गेलं होतं का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. दोन, म्हटलं. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "बहुतेक या आजारानंच गेली. सुया चुकवू नका, हे बाळ वाचेल."

म्हणजे ती दोघंही वाचली असती.