बाबांची उलटतपासणी

गुरुवार, ता. १४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. तू बरा असशील, वहिनीचा गुडघा आता वाकत असेल आणि पिल्लूचं नव्या शाळेच्या फाटकापाशी रडणं थांबलं असेल, असं धरून चालते. इकडे आईचा रक्तदाब ठीक आहे. स्वयंपाकघराला रंग दिला, तो तिला आवडला नाही, त्यामुळे रंगाऱ्याचा रक्तदाब वाढलाय. मला सर्दी.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण मी ‘बाबा’ म्हटलं की तू “लिफ्टमध्ये आहे गं, आवाज तुटतोय” म्हणतोस. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला सबब बरी सापडलीय! म्हणून पत्र. ते फाडता येतं, पण वाचल्याशिवाय तू फाडणार नाहीस.

सोमवारी कोर्टात जे झालं त्यानं मी अजून सुन्न आहे. तीन दिवस झाले, काम करतेय, जेवतेय, पण कुणी हाक मारली की दचकते.

आपल्या कॉलेजवर एका मुलीनं दावा लावलाय. परीक्षेत तिच्या उत्तरपत्रिकेत चिठ्ठी सापडली म्हणून तिला काढून टाकलं होतं. कॉलेजकडून बाबा उभे होते. दुसरं कोण असणार? सव्वीस वर्षं दर शनिवारी सकाळी तिथं शिकवायला जातात. कुठल्या वर्गातलं कुठलं बाक डुगडुगतं तेसुद्धा त्यांना पाठ. आणि कितीही मोठा खटला असो, जेवायला मात्र घरी. ताटावर बसून आपल्याला खोटी साक्ष द्यायला लावायचे आणि तीन प्रश्नांत पकडायचे, आठवतं? कॉलेज आणि आपण चौघं, एवढंच त्यांचं जग. त्यातल्या एकानं दुसऱ्याला गिळलं, तेव्हा ते काय करणार होते कोण जाणे.

मुलीच्या बाजूनं साक्षीला आले होते परीक्षा विभागातले जुने कारकून. चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारे, तेच. आता निवृत्त झालेत. त्यांनी सांगितलं, चिठ्ठी दुसऱ्याच बाकाखाली सापडली होती, तिच्या पेपरात नंतर घातली. बाबा उलटतपासणीला उठले. मी ज्युनियर म्हणून शेजारी बसले होते. नेहमीसारखा मऊ आवाज, एक हात कोटाच्या खिशात.

“इतकी वर्षं नोकरी केलीत. असा प्रकार तुम्हाला नेमका या एकाच मुलीच्या बाबतीत आठवतो?”

“नाही, साहेब.”

“मग दुसरं एक तरी उदाहरण सांगता येईल?”

कारकून हळूच म्हणाले, “सांगता येईल. पण तुम्ही विचारू नका.”

“कोर्टात मी विचारलंय. सांगा.”

“तुमच्या मुलाचं, साहेब.”

दादा, पंखा फिरत होता, टंकलेखिकेची बोटं थांबली होती. माझ्या हातातून फाइल पडली, तिचा आवाज मला बंदुकीसारखा वाटला.

कुणीही दुसरा वकील “संबंध नाही” म्हणून खाली बसला असता. बाबांनी खिशातला हात बाहेर काढला, टेबलाला धरला आणि विचारलं, “सविस्तर सांगा.”

त्यांनी सांगितलं. चिठ्ठी दोन बाकांच्या मध्ये पडली होती. ती होती विश्वस्तांच्या भाच्याची. परीक्षाप्रमुखांनी ती तुझ्या पेपरात घातली.

“माझ्याच मुलाच्या का?”

“ते म्हणाले, हा वकीलसाहेबांचा मुलगा. याला काही व्हायचं नाही. चौकशी समितीवर वडीलच आहेत, वाचवतीलच.”

“तुम्ही तेव्हा का बोलला नाहीत?”

“नोकरी होती, साहेब. आणि शिक्षा तुम्हीच दिलीत. तुमच्यापुढं कोण तोंड उघडणार?”

जज्जसाहेबांनी दोनदा विचारलं, “वकीलसाहेब, पुढचा प्रश्न?” बाबा म्हणाले, “नाही. हे सगळं नोंदीत घ्यावं आणि मला या कामातून मोकळं करावं.” आणि ते खाली बसले, ते साक्षीदारांच्या बाकावर. आपली खुर्ची कुठली हेच त्यांना कळेना. मी हाताला धरून उठवलं.

घरी आल्यावर त्यांनी आईला उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं. मला वाटलं ती रडेल. तिनं गॅस बंद केला आणि म्हणाली, “मला माहीत होतं तो तसा नाही. अकरा वर्षांत तुम्ही मला कधी साक्षीला बोलावलंच नाहीत.”

बाबा तिथंच स्टुलावर बसले. त्यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. आवाज न करता, तोंड उघडं ठेवून रडतात ते.

आता मला जे सांगायचं नव्हतं ते. तीन पानं झाली, मी अजून टाळतेच आहे.

मला आधीच माहीत होतं. शुक्रवारी ते कारकून मला कोर्टाच्या जिन्यात भेटले होते. म्हणाले, “पोरी, साहेबांना सांग, दुसरं उदाहरण विचारू नका. विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. आता वय नाही खोटं बोलायचं.” आणि मला सगळं सांगितलं. शनिवारी कॉलेजातून आल्यापासून रविवार रात्रीपर्यंत बाबा माझ्यासमोर बसून प्रश्न काढत होते. तो प्रश्न माझ्याच अक्षरात कागदावर लिहिला गेला. मी गप्प बसले.

का? घरी सांगितलं असतं तर त्यांनी तपासलं असतं, पुरावा मागितला असता, कॉलेजची बाजू लावून धरली असती. मला वाटलं, अशा जागी ऐकू दे जिथून त्यांना उठून जाता येणार नाही. ज्यांनी मला उभं राहायला शिकवलं त्यांना मी भर कोर्टात पाडलं, दादा. मंगळवारी त्यांनी विचारलं, “तुला ठाऊक होतं?” मी हो म्हटलं. ते म्हणाले, “ज्युनियरनं असं करू नये.” दार ओढून घेता घेता पुढं म्हणाले, “बहिणीनं मात्र करावं.”

आणि आणखी एक. तू बॅग घेऊन घर सोडलंस त्या दुपारी मी माझ्या खोलीतच होते. झोपले होते असं आजवर सांगत आले. मी जागी होते. दाराला कान लावून. तुला कॉलेजातून काढायचा निकाल खुद्द बाबांनी दिला म्हणजे तू केलंच असणार, असं मी मानलं होतं. तुझ्यावर रागावले होते मी, तुझ्यामुळं कॉलेजात मान खाली घालावी लागते म्हणून.

सोबत एक अर्ज जोडलाय. तुझी चौकशी नव्यानं व्हावी म्हणून. काल दिवसभर बसून बाबांनी हातानं लिहिला, टाइप करू दिला नाही. तुझ्या सहीची जागा कोरी आहे. साक्षीदारांच्या यादीत पहिलं नाव त्यांनी स्वतःचं घातलंय आणि खाली लिहिलंय, ‘या साक्षीदाराची उलटतपासणी माझ्या मुलाने घ्यावी. कितीही वेळ. कोणताही प्रश्न.’ मी म्हटलं, बाबा, असं अर्जात चालत नाही. म्हणाले, “मला माहीत आहे काय चालतं ते. राहू दे.”

सही करायचीच असं नाही. त्यांनीच सांगायला सांगितलंय, नकार द्यायचा त्याला पूर्ण हक्क आहे. आई मात्र रविवारी तुझ्याकडे येतेय. तिनं विचारलेलं नाही, सांगितलंय.

हे पत्र टाकायला बाबा स्वतः जाणार आहेत. मघापासून दारात चपला घालून उभे आहेत. आत काय लिहिलंय असं एकदाही विचारलेलं नाही. फक्त म्हणाले, “पत्ता नीट लिही. मला तो पाठ नाही.”

तू खरं सांगशील हे ठाऊक असून ज्या बहिणीनं तुला एकदाही विचारलं नाही, ती

तुझी धाकटी